एका तपाचं घर

मराठीत माणूस कुत्रं पाळतो, शब्द पाळतो, वेळ पाळतो आणि डॉक्टरांनी सांगितलेलं पथ्यही पाळतो. चारही ठिकाणी क्रियापद एकच, आणि चारही ठिकाणी त्यात सातत्य गृहीत धरलेलं. एका दिवसापुरतं पाळलेलं पथ्य कुणी पथ्य म्हणून मोजत नाही. शहरी बोलण्यात मात्र अलीकडे कुत्रं 'घेतलं' जातं किंवा 'ॲडॉप्ट केलं' जातं, म्हणजे एका दुपारी सुरू होऊन त्याच दुपारी संपणारं काहीतरी केलं जातं. रस्त्यावरून, गटारातून, अपघातातून किंवा कुलूपबंद घराच्या गॅलरीतून सोडवलेल्या कुत्र्यांसाठी घरं शोधणाऱ्यांच्या बहुतेक अडचणी या दोन क्रियापदांमधल्या अंतरात आहेत, असं मला वाटतं. या कामाबद्दल जे लिहिलं-बोललं जातं ते घर मिळण्याबद्दल असतं. पण कुत्र्याचं आयुष्य साधारण बारा वर्षांचं, म्हणजे एका तपाचं. हे घर तपभर टिकेल का, हा प्रश्न घर मिळेल का याच्या आधी विचारायला हवा. टिकणारी घरं थोडी आहेत, आणि ती थोडी आहेत म्हणूनच कोणत्या कुत्र्याला द्यायची हेही ठरवावं लागतं. या पुस्तकाच्या दाराशी उभं राहून मला मांडायचं आहे ते एवढंच.

थोडी म्हणजे किती थोडी, याचा अंदाज साध्या गणिताने येतो. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातल्या भटक्या कुत्र्यांची संख्या सुमारे १ कोटी ५३ लाख भरली. त्यांतली पावणेतेरा लाख महाराष्ट्रातली. मुंबई महापालिकेच्या २०१४ च्या मोजणीत एकट्या शहरात ९५ हजारांवर कुत्री होती. समजा, मुंबईत रोज एका कुत्र्याला कायमचं घर मिळालं, त्यात एका दिवसाचाही खंड पडला नाही आणि रस्त्यावर एकही नवं पिल्लू जन्मलं नाही, तरी एवढी कुत्री घरी जायला २६० वर्षं लागतील. तेव्हा दत्तक देणं हा भटक्या कुत्र्यांच्या प्रश्नावरचा उपाय आहे, हा गैरसमज आधी बाजूला ठेवावा. त्या प्रश्नावरचे उपाय वेगळे आहेत: नसबंदी, लसीकरण आणि कचऱ्याची व्यवस्था. गोव्यात २०१३ नंतर रस्त्यावरच्या कुत्र्यांना वर्षानुवर्षं सामूहिक लस दिली गेली आणि २०२१ मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं. त्यासाठी तिथली कुत्री कुणाच्या दिवाणखान्यात न्यावी लागली नाहीत. केंद्र सरकारचे २००१ चे आणि नंतर २०२३ चे प्राणी जन्मनियंत्रण नियमही याच समजुतीवर उभे आहेत: कुत्रं पकडावं, नसबंदी करावी, लस द्यावी आणि जिथून उचललं तिथेच सोडावं.

मग घर कुणाला लागतं? कानाला खाच असलेलं, म्हणजे नसबंदी झालेलं, गल्लीतल्या चार घरांच्या ओळखीचं धडधाकट मोठं कुत्रं बेघर म्हणता येत नाही. त्याला पत्ता आहे, फक्त दरवाजा नाही. घराची खरी निकड तिघांना असते. पहिली आई गमावलेली पिल्लं. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांनी ९५ वेतांमधल्या ३६४ पिल्लांवर लक्ष ठेवलं, तेव्हा त्यांतली जेमतेम १९ टक्के वयात येईपर्यंत जगली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार मृत्यूंपैकी ६३ टक्क्यांमागे माणसाचा हात होता, कुठे गाडीखाली तर कुठे थेट मारून. दुसरी अशी कुत्री, ज्यांना रस्त्यावर परत पाठवणं म्हणजे मारणंच: गाडीने पाय गेलेली, आंधळी, मागचा भाग लुळा पडलेली, म्हातारी. तिसरी घरातूनच हाकललेली पाळीव कुत्री. लॅब्रॅडॉर, पग किंवा हस्कीला रस्ता ओलांडता येत नाही, कचऱ्यातून अन्न काढता येत नाही, दुसऱ्या टोळीच्या हद्दीतून निसटता येत नाही. ती चार दिवसांत खंगतात. आपल्याकडचं अपुरं 'घरधन' या तिघांत आधी वाटलं गेलं पाहिजे.

प्रत्यक्षात वाटप असं होत नाही, कारण मागणीचं गणित गरजेच्या गणिताशी जुळत नाही. मागणी असते ती दोन महिन्यांच्या गुबगुबीत पिल्लाला, त्यातही नराला, त्यातही फिक्या रंगाच्या. काळं पिल्लू, मादी, वर्षाच्या पुढचं कुत्रं, तीन पायांचं कुत्रं यांची छायाचित्रं महिनोन्महिने फिरत राहतात. पुरवठ्यालाही ऋतू आहे. भाद्रपद आणि कुत्री यांचं नातं मराठीने कधीच ओळखलेलं आहे. त्यानंतर त्रेसष्ट दिवसांच्या गर्भारपणाचा हिशेब केला की पिल्लांची लाट ऐन थंडीत येते. सगळ्याच स्वयंसेवकांकडे एकाच वेळी पिल्लं, सगळ्यांना घाई, आणि प्रत्येक पिल्लामागे पार्व्हो आणि डिस्टेंपर हे दोन विषाणू लागलेले. मग 'आज रात्रीपर्यंत घर मिळालं नाही तर' अशा भाषेतलं आवाहन होतं. ते काम करतंही. दयेने माणूस हलतो, पण दया हे काही तासांचं इंधन आहे. जानेवारी-फेब्रुवारीत उचललेलं पिल्लू मे महिन्यात सहा महिन्यांचं, दात शिवशिवणारं, चपला आणि सोफा फाडणारं उनाड पोर झालेलं असतं, आणि घरातल्यांची गावाला जायची तिकिटं आलेली असतात. त्या वेळी दया कामाला येत नाही. तेव्हा लागते ती आधी केलेली व्यवस्था.

या व्यवस्थेतला पहिला अडसर खुद्द घराचा. महाराष्ट्रातल्या शहरांत भाड्याच्या घराचा करार सहसा अकरा महिन्यांचा असतो. बारा वर्षांचं कुत्रं म्हणजे असे तेरा करार, आणि तेराही वेळा घरमालकाने, दलालाने आणि सोसायटीने हो म्हणायला हवं. कायदा इथे अगदीच मुका नाही. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमतानेसुद्धा पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. पण सूचना फ्लॅटच्या मालकाला धीर देते. ज्याच्या करारात घरमालकाने 'प्राणी चालणार नाहीत' हे कलम घातलं आहे, त्या भाडेकरूला ती फारशी उपयोगी पडत नाही. शिवाय लिफ्टमध्ये रोज होणारी खडाजंगी कागदाने मिटत नाही. वयाच्या पंचविशीत, नोकरीच्या गावी, मित्रमैत्रिणींबरोबर भाड्याने राहणारी मुलंमुली कुत्र्यासाठी सर्वांत उत्सुक असतात. आज ना उद्या घर बदलावं लागणार, हेही त्यांच्याच बाबतीत सर्वांत निश्चित असतं. उत्साह आणि स्थैर्य यांची ही फारकत हीच दत्तकप्रक्रियेतली सगळ्यात अवघड गाठ आहे.

दुसरा अडसर आपल्या संस्कारांत आहे, आणि तो कुत्र्यांच्या द्वेषातून आलेला नाही. दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत, खंडोबाबरोबर कुत्रं आहे, भैरवाचं वाहन कुत्रंच आहे. कोरडी भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव महाराष्ट्राच्या घराघरांत ठाऊक आहेत. पण या सगळ्या परंपरेत कुत्र्याची जागा उंबऱ्याबाहेरची आहे. त्याला घास मिळतो, मान मिळतो, घरात मुक्काम मिळत नाही. वाड्याला ओसरी होती, अंगण होतं, शेतघराला खळं होतं. तिथे कुत्रं घरचंही असे आणि घराबाहेरही असे. फ्लॅटने हा मधला प्रदेशच पुसून टाकला. इथे कुत्रं एकतर पलंगाशेजारी असतं नाहीतर रस्त्यावर. त्यामुळे देवघर, सोवळं, गादीवरचे केस, सासूबाईंचा दमा असे प्रश्न एकाच खोलीत येऊन बसतात. घरातल्या एकाने हौसेने होकार दिला आणि बाकीच्यांनी फक्त सहन केलं, तर ते कुत्रं त्या घरात पाहुणाच राहतं. हा विरोध मागासलेपणा म्हणून उडवून लावणारे स्वयंसेवक चुकतात. आजीचा नकार दत्तक देण्याआधी ऐकला, तर एक परतीची फेरी वाचते.

तिसरा अडसर वेळेचा आणि पैशाचा. गावठी कुत्रं फुकट मिळतं, पण फुकट वाढत नाही. लशींचे डोस, नसबंदी, जंतांची औषधं, गोचिडतापाचं आजारपण, रोज दोनदा फिरवणं, सुट्टीत बोर्डिंगचा खर्च, दिवाळीच्या फटाक्यांत घाबरून पळालेल्याचा शोध, हे सगळं तपभर चालतं. टाळेबंदीत घरी बसलेल्या अनेकांनी कुत्री आणली आणि कचेऱ्या उघडल्यावर त्यांना दिवसभराच्या कुलपाचा अर्थ कळला. परदेशी जाणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी. रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशांच्या यादीत भारत आहे. कॅनडाने २८ सप्टेंबर २०२२ पासून अशा देशांतून दत्तक देण्यासाठी आणल्या जाणाऱ्या कुत्र्यांना दार बंद केलं, तर अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून सहा महिन्यांखालचं कुत्रं आणण्यास मनाई करून मायक्रोचिप आणि लशीच्या पुराव्याचे नियम कडक केले. गोव्याच्या किनाऱ्यावर जीव जडलेलं कुत्रं सोबत नेणारे पर्यटक हा काही संस्थांचा एक छोटा आधार होता, तोही असा आक्रसला. आणि जो माणूस नोकरी बदलली म्हणून कुत्रं हमरस्त्यावर सोडून जातो त्याला शिक्षा किती? प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड आहे. कुत्र्याच्या एका दिवसाच्या खाण्यालाही तेवढे पुरत नाहीत.

घर मोडलं की कुत्रं होतं तिथे परत येत नाही, त्याच्याही खाली जातं. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी १९६५ च्या आपल्या ग्रंथात दाखवलं की पिल्लाच्या आयुष्यात साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ माणसांशी, आवाजांशी, जगाशी ओळख होण्याचा असतो. मग ती खिडकी मिटत जाते. नेमक्या याच आठवड्यांत लशी पुऱ्या झालेल्या नसल्याने पिल्लाला बाहेर नेणं धोक्याचं असतं. रोगापासून जपावं तर भित्रेपण वाढतं, जग दाखवावं तर पार्व्हो गाठतो. या कात्रीतून वाट काढायला तात्पुरतं घर, म्हणजे फॉस्टर, लागतं: माणसांची वर्दळ असलेलं, पण दुसरं बिनलसीचं कुत्रं नसलेलं. असं घर न मिळता पिंजऱ्यात वाढलेलं पिल्लू पुढे पाहुण्यांवर भुंकतं, एकटं राहिलं की ओरडतं, आणि परत येतं. परत आल्यावर त्याच्या नावापुढे 'परत आलेलं' ही नोंद चिकटते. पुढचं घर मिळणं अधिक अवघड होतं, आणि त्याची फॉस्टरची जागा अडल्यामुळे बाहेर थांबलेलं दुसरं कुत्रं आत येऊ शकत नाही. म्हणूनच मी म्हणतो की घरं कमी पडण्याचं एक मोठं कारण घरं मोडणं हेच आहे.

यातून निघणारी कामाची दिशा तशी साधी आहे. आवाहनात दयेऐवजी माहिती असावी: हे कुत्रं एकटं किती तास राहतं, मांजरीशी जमतं का, साखळीला ओढतं का, लहान मुलांना बिचकतं का. घेणाऱ्याला विचारायचे प्रश्नही तपाचे असावेत: करारात प्राण्यांबद्दल काय लिहिलं आहे, घरातल्या सगळ्यांनी कुत्रं पाहिलं आहे का, तुम्ही गावाला गेलात तर ते कुणाकडे राहील, बदली झाली तर काय. पहिल्या तीन महिन्यांत ठरावीक दिवशी फोन व्हावा, कारण बहुतेक कुरबुरी त्याच काळातल्या असतात आणि एखाद्या जाणत्याच्या सल्ल्याने मिटतात. नसबंदीची तारीख दत्तकपत्रावरच लिहिलेली असावी, नाहीतर आज दिलेली मादी वर्षभरात सहा पिल्लांसह त्याच संस्थेच्या दारात दिसते. आणि नाहीच जमलं तर कुत्रं लाज न वाटता परत देता यावं. परत करणाऱ्याची समाजमाध्यमांवर धिंड काढली, तर पुढचा माणूस कुत्रं संस्थेत आणणार नाही, घाटात सोडून येईल.

यावर पहिला आक्षेप असा की एवढे प्रश्न विचारले तर लोक वैतागून दुकानातून कुत्रं विकत आणतील. आक्षेपात तथ्य आहे. काही ठिकाणी चौकशीची उलटतपासणी होते: स्वतःचं घर हवं, लग्न झालेलं हवं, दिवसभर कुणीतरी घरी हवं, ठरावीक पगार हवा. अशा अटींनी चाळीतलं, रात्रपाळीचं, एकट्या बाईचं घर नाहक बाद होतं. वास्तविक वन रूम किचनमधलं कुत्रं माणसांच्या सतत सहवासात राहतं आणि मोठ्या बंगल्याच्या फाटकाला बांधलेलं एकाकी पडतं. तेव्हा अटी कमी कराव्यात, पण नेमक्या कमी कराव्यात. घराचा आकार, जात, आहार, लग्न, पगाराचा आकडा यांना चौकशीत स्थान नको. करार, कुटुंबाची संमती आणि सुट्टीतली सोय यांवर मात्र सूट नको. आणि दुकानाकडे जाणाऱ्यांचं काय? २०१७ पासून कुत्र्यांच्या पैदाशीला नोंदणीची अट आहे. तिची अंमलबजावणी कडक झाली, तर दुकानाची वाट एवढी सोपी राहणार नाही. एका मोबाइल कंपनीच्या २००३ मधल्या जाहिरातीने पगची लाट आणली होती. चपट्या नाकाने धापा टाकणाऱ्या त्या कुत्र्यांतली कितीतरी पुढे दारोदार झाली. लाटेवर आलेलं घर लाटेबरोबर जातं, मग कुत्रं विकत घेतलेलं असो की फुकट.

दुसरा आक्षेप गावठी कुत्र्याच्या स्वभावावर असतो: ते चावकं, जंगली, फ्लॅटमध्ये न टिकणारं. कुत्र्यांच्या चाव्यांचा प्रश्न खरा आहे, आणि त्याला भिणाऱ्या पालकांना प्राणिद्वेष्टं म्हणणं अन्यायाचं आहे. पण रस्त्यावर टोळीने हद्द राखणारं कुत्रं आणि लसीकरण, नसबंदी होऊन आठव्या आठवड्यापासून माणसांत वाढलेलं कुत्रं यांच्या वागण्यात परिस्थितीचा फरक फार मोठा असतो. आखूड केसांचं, मध्यम बांध्याचं, आपल्या हवामानात शतकानुशतकं घडलेलं हे कुत्रं मुंबईच्या दमट उन्हाळ्यात हस्कीपेक्षा केव्हाही सुखी असतं. पंतप्रधानांनी ऑगस्ट २०२० मध्ये 'मन की बात'मधून भारतीय वंशाची कुत्री पाळण्याचं आवाहन केलं, तेव्हा नावं घेतली गेली ती मुधोळ, राजपालयम, चिप्पीपराई अशा मान्यवर वंशांची. गल्लीतल्या बिनवंशाच्या कुत्र्याला देशी म्हणून मिरवायला आपण अजून तयार नाही. तरीही प्रत्येक गावठी कुत्रं प्रत्येक घराला शोभेल असं म्हणणं खोटं ठरेल. प्रौढपणी रस्त्यावरून उचललेलं, माणसाला कायम अंतरावर ठेवणारं कुत्रं घरात कोंडलं तर दोघंही दुःखी होतात. त्याला घर न देणं ही त्याच्यावरची कृपाच.

तिसरा आक्षेप दोन टोकांकडून येतो. कुणी म्हणतं, मोकळं फिरणाऱ्या जिवाला घरात कोंडता कशाला? कुणी म्हणतं, सगळ्यांनाच निवाऱ्यात टाका, म्हणजे रस्ते मोकळे होतील. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात अकरा दिवसांच्या अंतराने ही ओढाताण दिसली. ११ तारखेला दोन न्यायमूर्तींनी दिल्ली परिसरातली कुत्री कायमची निवाऱ्यांत ठेवायला सांगितली. २२ तारखेला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो आदेश बदलून रेबीजग्रस्त आणि आक्रमक कुत्री वगळता बाकीची नसबंदी-लसीकरणानंतर मूळ जागी सोडायला सांगितलं. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं अशा आवारांसाठी पुन्हा वेगळा, कडक आदेश आला. या घडामोडींत एक वाक्य फारसं चर्चिलं गेलं नाही. प्राणिप्रेमींना महापालिकेकडे अर्ज करून कुत्री दत्तक घेता येतील, पण ती पुन्हा रस्त्यावर येणार नाहीत याची जबाबदारी त्यांची, असं ऑगस्टच्या सुधारित आदेशात म्हटलं आहे. म्हणजे न्यायालयानेही दत्तक घेण्याची कसोटी टिकण्यावरच लावली. निवारा हे घर होऊ शकत नाही. तो दवाखान्याच्या वॉर्डासारखा मधला थांबा आहे, आणि पुढे जाणारी वाट तुंबली की वॉर्ड कितीही मोठा बांधला तरी भरतोच.

शेवटचा आक्षेप सगळ्यांत जुना: माणसं फुटपाथवर झोपतात आणि तुम्ही कुत्र्यांसाठी घरं शोधता! याला उत्तर म्हणून भूतदयेची वचनं ऐकवण्यात अर्थ नाही. खरं उत्तर असं की इथे मागितलेलं घर माणसाच्या वाट्यातून काढलेलं नाही. ज्या घरात माणसं राहतातच, तिथला एक कोपरा मागितला आहे. शिवाय सोडून दिलेल्या कुत्र्याचा, न झालेल्या नसबंदीचा आणि चुकलेल्या लशीचा भार शेवटी फुटपाथवर झोपणाऱ्यालाच आधी सोसावा लागतो. कुत्र्याला शब्द देऊन तो मोडण्याची किंमत शब्द देणारा क्वचितच भरतो.

पुढच्या प्रकरणांत पिल्लांची शुश्रूषा, फॉस्टर घरांची बांधणी, चौकशीची पद्धत, नव्या घरातले पहिले दिवस आणि परत आलेल्या कुत्र्यांबरोबरचं काम यांची क्रमाने माहिती येईल. ती वाचताना संस्थांना माझी एक सूचना आहे: वर्षाअखेरीच्या अहवालात किती कुत्री दिली हा आकडा छापताना, मागच्या वर्षी दिलेल्यांपैकी किती अजून त्याच घरात आहेत, हा आकडाही त्याच्या शेजारी छापावा. आणि ज्या वाचकाला हे सगळं वाचून आपल्याला तपभर जमणार नाही असं वाटेल, त्याने ते निःसंकोच मान्य करावं. त्याच्यासाठीही कामं आहेतच. गल्लीतल्या एका मादीच्या नसबंदीचा खर्च उचलता येतो, किंवा शेजाऱ्यांना चार दिवस गावी जायचं असेल तर त्यांचं कुत्रं आपल्याकडे ठेवून घेता येतं.